माशी, मासा आणि मुक्काम : वाचकांची प्रश्नोत्तरं

गेल्या अंकात डोंगरातल्या मुक्कामाबद्दल लिहिताना फ्लायच्या काठीचा (फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्याने गळावर बांधलेली नकली माशी) ओझरता उल्लेख झाला आणि पत्रांची रीघ लागली. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : लहानपणापासून गळ टाकतो. खडकवासल्याच्या पाण्यात चिलापी, शिंगाळा मिळतो. आता हौसेने ९ फुटी फ्लायची काठी घेतली, पण दोरी समोर शेवयांच्या ढिगासारखी पडते. पहिल्याच सकाळी ३ माश्या तुटून गेल्या, त्याही कशाला न अडकता. काठीत दोष आहे का? (कोथरूड)

उत्तर : काठी ठीक आहे, हात अजून जुन्या गळाचा आहे. नेहमीच्या गळाला शिसं असतं. शिसं पुढे जातं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे इथे फेकायची असते ती दोरी. ५ नंबरच्या (नंबर जितका मोठा तितकी दोरी जड) दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं. हे वजन एका जागी गोळा झालेलं नसून नऊ मीटरभर पसरलेलं असतं. ते सगळं मागे सरळ उलगडल्याशिवाय काठीला ताण मिळत नाही आणि काठी वाकली नाही तर पुढे काहीच जात नाही.

माश्या तुटण्याचं कारण इथेच आहे. दोरी मागे उलगडायच्या आत हात पुढे आला की टोक चाबकासारखं फिरतं आणि माशी तुटते. त्या वेळी 'फट्' असा आवाज येतो. तो आला होता का, आठवून बघा. उपाय एकच, थांबणं. किती वेळ थांबायचं ते दोरी किती बाहेर आहे त्यावर ठरतं, म्हणून आकडे मोजू नका. मान वळवून मागे बघा. वळसा उलगडून त्याचं टोक सरळ होत आलं की हात पुढे.

ढीग पडतो त्याची कारणं वेगळी. एक, मनगट मागे लोंबतं. काठी घड्याळातल्या १ च्या जागेवर थांबायला हवी ती ३ पर्यंत जाते, दोरी मागच्या गवताला लागते आणि पुढे येताना मेलेली असते. दुसरं, पुढे येताना जोर शेवटी न लागता सुरुवातीलाच लागतो. हालचाल हळू सुरू व्हावी, वेग वाढत जावा आणि १० च्या जागेवर काठी खटकन थांबावी. भिंतीत खिळा ठोकताना हातोडी जशी थांबते, तशी. झटका आधी दिलात तर दोरीचा वरचा भाग खालच्याला छेदतो आणि लीडरमध्ये, म्हणजे दोरीपुढच्या निमुळत्या तंगुसात, आपोआप एक गाठ बसते. ही बारीक गाठ दिसली की तेवढा तुकडा बदला, त्या जागी तंगुसाचा जोर निम्म्यावर आलेला असतो.

सराव पाण्यावर नको, गवतावर करा. गळाऐवजी लाल लोकरीचा बोटभर तुकडा बांधा, ७ ते ८ मीटर दोरी बाहेर काढा, अंगठा मुठीच्या वर ठेवा आणि रोज २० मिनिटं फेका. डांबरी रस्ता किंवा सिमेंटचं पटांगण टाळा, खरखरीत जमिनीवर दोरीचं प्लास्टिकचं आवरण खरवडून निघतं. टेकडीवर जात असाल तर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वेळ चुकवा, आणि विजेच्या तारा डोक्यावर नकोत. आजच्या काठ्या कार्बनच्या असतात, त्यातून वीज वाहते. पावसाळ्यात गडगडायला लागलं तरी काठी खाली ठेवायची, ती याच कारणाने.

प्रश्न : ट्राउटसाठी (थंड डोंगरी पाण्यातला मासा) हिमाचलला जायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो ८ नंबरची काठी घ्या, सगळ्याला चालते. बरोबर आहे का? आणि रीलवर नेमकं काय काय भरायचं? (हडपसर)

उत्तर : ८ नंबर मोठ्या महासीरासाठी, म्हणजे आपल्या नद्यांतल्या दांडग्या माशासाठी. त्या काठीवर पाव किलोचा ट्राउट लागला तर लागल्याचं कळणारही नाही, आणि छोट्या नदीवर ती जाड दोरी पाण्यावर धप्पकन पडून मासे पळतील ते वेगळंच. ५ नंबर, ९ फूट, चार तुकड्यांची काठी घ्या. चार तुकड्यांची एवढ्यासाठी, की ती साधारण अडीच फुटांच्या नळीत बसते आणि रेल्वेच्या बर्थखाली जाते. दोरीही ५ नंबरचीच हवी. तरंगणारी, पुढे जाड आणि टोकाला निमुळती घ्या.

रीलवर आधी बॅकिंग, म्हणजे २० पौंडी विणलेला डॅक्रॉन दोरा. ट्राउटला ५० मीटर पुष्कळ झाला. त्यावर फ्लायची दोरी, तिच्या टोकाला ९ फुटी निमुळता लीडर आणि त्यापुढे दोनेक फूट टिपेट, म्हणजे माशी बांधायचा बारीक तंगूस. टिपेटच्या नंबराचं गणित सोपं आहे. ११ मधून नंबर वजा करा, उरेल तितके इंचाचे हजारावे भाग म्हणजे त्याची जाडी. ५एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. ४एक्स आणि ५एक्सची एकेक रिळ घेतलीत की काम भागतं.

दोरी आणि लीडर, दोघांच्या टोकाला फासे असतात. ते एकमेकांत ओवल्यावर नीट बघा. दोन माणसांनी हात मिळवावेत तसे ते बसले पाहिजेत. एक फासा दुसऱ्याच्या गळ्याभोवती आवळला गेला असेल तर तो कापत जाईल, सोडवून पुन्हा ओवा. लीडरला टिपेट जोडायला दोन्ही टोकं समांतर धरून एकत्र साधी गाठ मारायची, तीच फेरी पुन्हा एकदा घालायची आणि चारही टोकं ओढायची. याला सर्जन गाठ म्हणतात. माशी बांधताना ५ वेढे घेऊन टोक परत फाशातून काढा. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरड्या घर्षणाने तापून तंगूस तिथेच कमजोर होतो, आणि मासा सुटल्यावर टोकाला डुकराच्या शेपटीसारखा कुरळा शेंडा दिसतो. तो दिसला की गाठ सुटली होती, तंगूस तुटला नव्हता, असं समजा.

एक सूचना दुकानदार देणार नाही. डीट असलेलं डासांचं मलम लावलेल्या हाताने दोरीला शिवू नका, तिचं आवरण विरघळतं. मलम हाताच्या मागच्या बाजूने चोळायचं, तळव्याने नाही.

प्रश्न : मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत तीर्थन खोऱ्यात जायचं ठरतंय. तंबू, मासेमारी, सगळं ८ दिवसांत बसेल का? परवाना लागतो का? (सहकारनगर)

उत्तर : आधी कॅलेंडर बघा. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. हे दिवस ट्राउटच्या विणीचे, मादी वाळूगोट्यांत खळगा करून अंडी घालते. दिवाळी नोव्हेंबरात आली की काठी घरीच ठेवावी लागणार. ऑक्टोबरात आली तर मात्र याहून चांगला काळ नाही. पावसाळा ओसरलेला असतो आणि पाणी काचेसारखं असतं. मार्च, एप्रिलही चांगले. पुणेकरांची आवडती मेची सुट्टी त्या मानाने फसवी. दुपारी बर्फ वितळतं, संध्याकाळपर्यंत पाणी चढून गढूळ होतं. मेमध्येच जावं लागलं तर पहाटेपासून ११ पर्यंतचे तास वापरा. जुलै, ऑगस्टमध्ये जाऊच नका, दरडी कोसळतात.

परवाना लागतो. तो राज्याच्या मत्स्य विभागाकडून मिळतो, दिवसागणिक असतो, आणि किती मासे ठेवता येतील, किती लांबीखालचे सोडायचे, हे त्यावरच्या अटींत येतं. त्या वाचा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरायचं असेल तर त्याची परवानगी निराळी. २०१४ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे आणि तपासणी होते. नदीतला तपकिरी ट्राउट मूळचा युरोपचा. कुलू खोऱ्यात तो १९०९ पासून सोडला गेला.

८ दिवसांचं म्हणाल तर झेलम एक्स्प्रेसने अंबाला, तिथून चंदीगड, मंडीमार्गे औट, आणि औटच्या बोगद्यापाशी फाटा धरून लारजी, बंजार, गुशैणी. एका बाजूला दोन दिवस धरा, म्हणजे हातात ४ उरतात. त्यातला पहिला मासेमारीला मोजू नका. मुलं गाडी लागून आडवी पडलेली असतात.

आणि तळ नदीच्या गोट्यांवर ठोकू नका, जागा कितीही सपाट दिसली तरी. वर पाऊस झाला तर खाली कोरड्या आभाळाखाली पाणी चढतं. लारजीच्या खाली बियासवर तर धरणाचंही पाणी सुटतं. २०१४ च्या जूनमध्ये तिथे नदीत उतरलेले २४ विद्यार्थी असेच वाहून गेले. पाण्याला एकाएकी गढूळपणा आला, काटक्या-पाला वाहू लागला, किंवा आवाज बदलला, की सामान सोडा आणि उभा चढ धरा.

प्रश्न : गेल्या खेपेला ट्राउट वर आला, माशीजवळ नाक लावलं आणि वळून गेला. असं ७-८ वेळा. माशी चुकीची होती का? (औंध)

उत्तर : माशी बहुधा बरोबर होती, म्हणून तर तो वर आला. ती वाहत चुकीची होती. दोरी मधल्या जोराच्या धारेवर पडते, माशी पलीकडच्या संथ पाण्यावर. मधली धार दोरीला मधोमध खाली ओढते आणि माशी पाण्यावर रेघ ओढत सरकते. खरा किडा पाण्याच्याच वेगाने जातो. मोटारबोटीसारखा मागे लाटांची रेघ सोडत जाणारा किडा ट्राउटने कधी पाहिलेला नसतो. रेघ इतकी बारीक असते की १० मीटरवरून आपल्याला दिसतही नाही.

दोरी पाण्यावर पडल्या पडल्या काठीचं टोक उचलून तिचा मधला भाग वरच्या अंगाला पलटा. माशी हलू द्यायची नाही, फक्त दोरी. याने दोनतीन सेकंदांचा खरा वाहता काळ मिळतो आणि तेवढा पुरतो. त्याहून सोपं म्हणजे जवळ जाणं. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून असतो, तेव्हा खालच्या बाजूने, गुडघ्यावर बसत, सावली पुढे न पाडता ६-७ मीटरवर या आणि वरच्या दिशेला फेका. लांब फेकायची हौस पुण्याच्या मैदानावर भागवावी.

मासे मधल्या धारेत शोधू नका. मोठ्या दगडाच्या मागे आणि पुढेही, शिवाय वेगवान आणि संथ पाण्याची जिथे शिवण दिसते तिथे त्यांची जागा. तिथे त्यांना कमी पोहावं लागतं आणि खाणं समोरून येतं. १४ नंबरच्या गळावर बांधलेली ॲडम्स किंवा एल्क हेअर कॅडिस ही माशी वरच्या पाण्याला आणि फेझंट टेल निम्फ ही बुडणारी माशी खालच्या पाण्याला. एवढ्यावर आठवडा निघतो. पेटीभर माश्या नेणाऱ्याचा निम्मा वेळ माशी बदलण्यात जातो.

प्रश्न : पवना धरणाकाठी डिसेंबरात तंबू टाकला. पाऊस नाही, तरी पहाटे छतावरून थेंब गळत होते आणि झोपायच्या पिशव्या ओल्या. जलरोधक स्प्रे मारला, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. (निगडी)

उत्तर : पाऊस नव्हता, म्हणजे तंबू गळला नाही. ते पाणी तुमचंच आहे. झोपलेला माणूस श्वास आणि घाम मिळून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. तंबूत चौघं असतील तर मोठी बाटली भरेल. थंड कापडावर ते जमतं. स्प्रेने बाहेरचं पाणी अडतं, आतलं नाही.

थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन लावून झोपलात ना? दोन्ही बाजूंच्या खिडक्या वरून वीतभर उघड्या ठेवा. बाहेरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका, बाजूच्या दोऱ्या ताणून मध्ये चार बोटं हवा खेळती राहू द्या. ओले मोजे, टॉवेल बाहेर. जागाही बदला. पाण्याच्या अगदी काठाशी आणि खोलगटात थंड, दमट हवा साचते. ५०-६० मीटर वर सरका आणि जमलं तर झाडाखाली, तिथे दव कमी पडतं. झाडावर वाळकी फांदी लटकत नाही ना, एवढं बघून घ्या.

कातळावर खुंट्या जात नाहीत. तिथे दोरी हातभर काठीला बांधा, काठी मोठ्या दगडामागे आडवी घाला. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर घासून तुटते.

घरी आल्यावर तंबू गच्चीवर पूर्ण वाळवा. दमट तंबू माळ्यावर गेला की दोन पावसाळ्यांत आतलं पॉलियुरेथेनचं आवरण चिकट होतं आणि आंबूस वास मारतं. त्यावर इलाज नाही.

प्रश्न : वरच्या मुक्कामात तूरडाळ दीड तास शिजवली तरी टणक. शिवाय रात्री शेगडीची ज्योत मेणबत्तीएवढी. गॅस संपला नव्हता. (सदाशिव पेठ)

उत्तर : उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण कमी तापमानाला. दर ३०० मीटरला साधारण १ अंश. ३००० मीटरवर पाणी ९० अंशालाच उकळतं, मग डाळ कितीही वेळ रटरटली तरी काय उपयोग? दोन लिटरचा कुकर न्या, त्याची शिट्टी बाहेरच्या हवेवर आणखी दाब चढवते. वजन नको असेल तर मूगडाळ भिजवून न्या, किंवा सरळ मेतकूट-भात.

ज्योतीचं कारण थंडी. इथे सर्रास मिळणाऱ्या लांब डब्यांत ब्युटेन असतो. तो शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. नाहीच मिळाला तर डबा रात्री झोपायच्या पिशवीत जवळ घेऊन झोपा, आणि शेगडी पेटवताना तो कोमट पाण्याच्या थाळीत ठेवा. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. डब्यावरच बसणाऱ्या शेगडीभोवती पत्रा गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. तंबूच्या आत तर शेगडी नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅसचे डबे रेल्वेत आणि विमानात नेता येत नाहीत. तिकडे पोचून विकत घ्या.

प्रश्न : गळ बोटात रुतला तर? (वारजे)

उत्तर : घरून निघतानाच गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मग गळ आला तसा निघतो. काटा असेल तर जाड दोऱ्याचा फासा गळाच्या बाकाला अडकवा. दुसऱ्या हाताने गळाचा दांडा त्वचेवर दाबून धरा, त्याने काटा मोकळा होतो. मग दोरा त्वचेला समांतर, दांड्याच्या उलट दिशेने, एका झटक्यात ओढा. समोर कुणी उभं नको. धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. डोळ्याजवळ, मानेला किंवा सांध्यात रुतला असेल तर हात न लावता डॉक्टरकडे. काठी हातात असेपर्यंत डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच, शेजारी उभ्या असणाऱ्याच्याही.

प्रश्न : महासीर पुण्याजवळ फ्लायवर मिळेल का? देहूच्या डोहात मोठे दिसतात. (देहू रोड)

उत्तर : देहूचे मासे बघायचे. रायगड जिल्ह्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथेही तसंच. देवाच्या नावाने राखलेल्या पाण्यात काठी काढायची नसते.

दख्खनचा महासीर मात्र खरोखर आपला. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने त्याची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि त्याच्या शास्त्रीय नावातलं 'खुद्री' तेव्हापासूनचं. आज ती नदी कशी आहे ते वाचकांना सांगायला नको. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात अनेक दशकं महासीराची पैदास होते आणि बीज ठिकठिकाणी सोडलं जातं. धरणांवर मासेमारीचा ठेका सहसा एखाद्या मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका, जाळी त्यांची असतात.

मिळाला तर सोडायचा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. माशाला वाळूवर लोळवू नका, कल्ल्यात बोटं घालू नका. फोटो काढायचा तर तोवर त्याला पाण्यातच धरा, बाहेर १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या मुळाशी सैल धरा. तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत ढकलायचं नाही. महासीरासाठी ८ नंबरची काठी, १०० मीटरच्या वर बॅकिंग आणि जाड तारेचा गळ. बारीक गळ तो जबड्यात सरळ करून टाकतो.

प्रश्न : माश्या घरी बांधायच्या आहेत. शिवाजी मार्केटमधून कोंबडीची पिसं आणली, पण ती पसरट आणि लुळी. कुठली पिसं घ्यायची? (कॅम्प)

उत्तर : ब्रॉयलरची आणली असणार. तो ५-६ आठवड्यांत कापला जातो, त्याच्या मानेवर कामाची पिसं यायला वेळच मिळत नाही. वर्षावरचा गावठी कोंबडा असेल तेव्हा मानेचं कातडं पिसांसकट मागून घ्या. आतली चरबी खरवडा, टाकणखार चोळून आठवडाभर उघडं वाळू द्या, भांड्यांच्या साबणाने धुऊन सावलीत पसरा. कीड जावी म्हणून पिशवीत घालून ४ दिवस फ्रीझरमध्ये, २ दिवस बाहेर, पुन्हा ४ दिवस आत. पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या दीडपट लांब असावेत. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला ताठ तंतू लागतात, ते गावठीत थोडेच मिळतात. वुली बगर नावाच्या बुडणाऱ्या माशीला मात्र ही मऊ पिसंच चांगली.

गळून पडलेलं मोरपीस वापरायला हरकत नाही, परदेशी पाठवता येत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याची मान, ती मेणासारखी पिवळट ठिपक्यांची, सामन (सॅमन) मासा धरायच्या जुन्या विलायती माश्यांसाठी फार नावाजलेली होती. कुणी ती देऊ करेल. घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे.